नांगराचं पाप आणि शेतीशाळा

पाराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात पापाचा एक विचित्र हिशेब आहे. मासे मारणाऱ्याला वर्षभरात जेवढं पाप लागतं, तेवढं लोखंडी फाळाचा नांगर हाकणाऱ्याला एका दिवसात लागतं, असं तिथं म्हटलं आहे. पुढे तेराव्या शतकात माळव्यात आशाधर पंडितांनी जैन गृहस्थांसाठी ‘सागारधर्मामृत’ लिहिलं. त्यातही हेच दोघे समोरासमोर उभे आहेत, मच्छीमार आणि शेतकरी. निकाल मात्र नेमका उलटा लागला आहे. जीव मारूनही शेतकरी कमी पापी, आणि दिवसभरात एकही मासा जाळ्यात न आलेला मच्छीमार अधिक पापी. कारण मच्छीमार घराबाहेर पडतो तोच मारायच्या हेतूनं. शेतकऱ्याच्या मनात धान्य असतं, गांडूळ नसतं.

एकानं मेलेले जीव मोजले, दुसऱ्यानं मनातला हेतू तपासला. हजारेक वर्षं भारतीय धर्मचिंतनात शेतीबद्दलचा वाद या दोन टोकांमध्ये झुलत राहिला. अन्नाशिवाय कुणाचं चालत नाही आणि अन्न पिकवताना जीव मेल्यावाचून राहत नाहीत, हा पेच दोघांनाही दिसत होता. दोघांनी एक गोष्ट मात्र विचारली नाही: नांगर धरणाऱ्याला आपण काय मारतो आहोत, हे ओळखता येतं का? आणि येत नसेल, तर ते त्याला शिकवायचं कुणी?

पाराशरांनी पापातून सुटण्याची वाट दाखवली होती. पीक खळ्यावर आलं, की राजाला सहावा, देवांना एकविसावा आणि ब्राह्मणांना तिसावा हिस्सा द्यावा; मग शेती करणाऱ्याला दोष लागत नाही. नांगराला बैल किती जुंपावेत, याचीही प्रतवारी त्यांनी केली. आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा पोटासाठी, चारांचा निर्दयांचा आणि दोनांचा तर गाय खाणाऱ्याच्या पंगतीतला. खिल्लारची एकुलती एक जोडी सांभाळणारा आजचा माणदेशी शेतकरी या तराजूत अगदी तळाला जाऊन बसेल. पण या नियमांमागची कणव खोटी नव्हती. ओढणाऱ्या जनावराचा जीव कुणीतरी विचारात घेत होतं. अडचण एवढीच, की हिंसा आधी होऊन जायची आणि तिची भरपाई नंतर दानानं व्हायची. पुढच्या हंगामात फाळ तसाच चालायचा.

दुसरी वाट होती काम दुसऱ्याकडून करून घेण्याची. बौद्ध भिक्षूंना जमीन खणण्याची आणि खणवून घेण्याचीही मनाई होती. भिक्षापात्रात पडणारा भात मात्र कुणीतरी नांगरलेल्याच शेतातला असे. जातींच्या उतरंडीनं तर ही सोय पक्की करून टाकली. पाप ज्याच्या हाताला लागतं, तो खालच्या पायरीवर. आणि धान्य ज्याच्या कोठारात जातं, तो शुद्ध.

वारकऱ्यांनी या सगळ्या हिशेबालाच बगल दिली. अरणच्या सावता माळ्यांना पंढरीला जायची गरज वाटली नाही. मळ्यातलं काम हीच त्यांची पूजा होती. तुकोबा कुणबीपणाचं देवाजवळ कौतुक करतात. श्रमाला अपराधाच्या पिंजऱ्यातून बाहेर काढण्याचं हे काम फार मोठं आहे, आणि मराठी शेतकऱ्याच्या मनात आजही तीच धारणा आहे. काळी आई आहे, तिची सेवा करतो, त्यात पाप कसलं? वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शेतात कोप करून पांडवांची पूजा होते, तेव्हा कुणी गांडुळांचा हिशेब मांडत नाही. मांडावा असंही कुणी म्हणणार नाही. पण भक्तीनं श्रम पवित्र होतो. मातीला काय सोसावं लागतं, हे त्या भक्तीनं आपोआप कळत नाही.

शेतीतल्या हिंसेच्या प्रश्नासोबत पिढ्यानपिढ्या राहिलेला एक समाज महाराष्ट्रात आहे. जैन म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला व्यापारी आठवतो, पण कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागात दिगंबर जैन मोठ्या संख्येनं शेतकरी आहेत. ऊस, हळद, तंबाखू, भाजीपाला, सगळं ते पिकवतात. जैन शास्त्रानं त्यांच्यासाठी हिंसेचे चार प्रकार केले आहेत: हेतुपुरस्सर केलेली, घरकामात होणारी, उद्योगात होणारी आणि बचावासाठी करावी लागणारी. गृहस्थानं पहिली पूर्ण सोडायची. बाकीच्या तिन्ही जमतील तितक्या कमी करायच्या. शेती तिसऱ्या प्रकारात बसते. जिनसेनांच्या आदिपुराणात तर माणसांना शेती शिकवणारे पहिले तीर्थंकर ऋषभदेवच आहेत. शेतीचा पहिला शिक्षक जिथं अहिंसेचा पहिला उपदेशक असतो, तिथं ‘जमेल तितकी कमी’ या शब्दांना वजन येतं. कुंभोजला अशाच जैन शेतकरी घरात १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली, हा निव्वळ योगायोग नसावा.

‘जमेल तितकी’ म्हणजे किती? याचं उत्तर उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सापडतं. सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना त्यांनी प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, हा कळीचा शब्द वापरला. गाफीलपणानं जीव घेणं ही हिंसा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसक माणसाच्या चालण्याचं लांबलचक वर्णन आहे. पाय टाकण्याआधी पायाखाली काय आहे, याचं भान त्याला असतं. एकदा हे मान्य केलं, की अहिंसा निव्वळ मनाच्या हळवेपणाची बाब राहत नाही. तिला नजर लागते, ओळख लागते, सराव लागतो. थोडक्यात, तिचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

गाफीलपणाची किंमत यवतमाळनं २०१७ साली मोजली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. खाली वाकून फवारायचं पीक हात वर करून फवारावं लागत होतं आणि औषधाचा तुषार तोंडावर, छातीवर परत येत होता. बोंडअळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. जुलैपासून काही महिन्यांत जिल्ह्यात शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मारण्याचा हेतू अळीपुरता होता. आशाधरांच्या कसोटीवर इथं कुणी मोठा पापी ठरणार नाही, पाराशरांच्या मोजणीत माणसं बसतच नाहीत. उमास्वातींची व्याख्या मात्र नेमकी लागू पडते.

गाफीलपणा घालवण्याची एक शिस्तशीर पद्धत जन्माला आली ती इंडोनेशियाच्या भातखाचरांत. हरितक्रांतीच्या वाणांबरोबर तिथं कीटकनाशकं अनुदानावर वाटली गेली आणि तपकिरी तुडतुड्यांनी भात फस्त करायला सुरुवात केली. जितकी फवारणी जास्त, तितके तुडतुडे जास्त. कारण साधं होतं. औषधानं आधी कोळी मरत, मग तुडतुड्यांना खाणारे ढेकूण मरत. तुडतुड्यांची अंडी मात्र भाताच्या खोडात सुरक्षित राहत. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी आदेश काढून भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीनं शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसू लागत नाही. म्हणून १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं शेतावरच्या शाळा सुरू झाल्या. वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा गट, पेरणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला एक सकाळ, आणि वर्ग म्हणजे खाचर. शिकवणाऱ्याला एक विलक्षण नियम होता. शेतकऱ्यानं कीडा दाखवून ‘हा कोण?’ विचारलं, तर नाव सांगायचं नाही. उलट विचारायचं: कुठं सापडला? काय करत होता? एकटा होता की पुष्कळ होते? बरणीत ठेवून बघू या का, काय खातो ते?

छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाची गोष्ट इथं आठवल्यावाचून राहत नाही. गुरूनं त्याला चारशे रोड गायी दिल्या आणि रानात धाडलं. त्या हजार झाल्यावर तो परतला, तोवर बैल, अग्नी, हंस आणि एक पाणपक्षी यांनी त्याला शिकवून झालं होतं. कृषी विस्ताराची आपली सरकारी चौकट याच्या नेमकी विरुद्ध उभी राहिली. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं, आज ती सातशेहून अधिक आहेत आणि त्यांनी पुष्कळ काम केलं आहे. पण ज्ञान प्रयोगशाळेतून निघून बांधावर पोचायचं, ही दिशा ठरलेली. शेतकरी ऐकणारा. व्यासपीठ, हार, चहा, मार्गदर्शन, आभार.

महाराष्ट्रात शेतीशाळा हा शब्द रुळला तो मुख्यतः २०१८ पासून, जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पामुळे. पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं त्यात होती. सगळीकडे ती मूळ बाण्यानं चालली, असं म्हणायला धाडस लागेल. फोटोपुरत्या शाळाही झाल्या असणार. पण जिथं नीट चालली, तिथं काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे. कपाशीच्या शेतात मंडळी तिरकी चालत जातात, मध्येच थांबून एकेक झाड निवडतात. पान उलटवून मावा, तुडतुडे, पांढरी माशी मोजतात, डोमकळी दिसली तर उमलवून आत गुलाबी बोंडअळी आहे का, ते पाहतात. मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर त्याच झाडाचं चित्र काढतात. एका बाजूला शत्रूकीटक, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर हवामान, खाली ओल. फवारायचं की थांबायचं, हे त्या चित्रावरून ठरतं. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आले, तर बोंडअळीसाठी हात उचलायचा, त्याआधी नाही.

याच चित्राच्या वेळी हमखास एक गंमत होते. ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, लालसर, पाठीवर काळे ठिपके. त्याची अळी मात्र कुणी ओळखत नाही. ती काळपट, काटेरी, अंगावर नारिंगी खुणा, लांबट शेपटाची, पाहूनच वाटावं की ही पिकाचा सत्यानाश करणार. कित्येक शेतकऱ्यांनी आयुष्यभर तिला शत्रू समजून मारलेलं असतं. ती बरणीत माव्याच्या फांदीवर सोडली, की थोड्याच वेळात एकामागून एक मावा उचलून खायला लागते. बघणारा गप्प होतो. कुणी उपदेश केलेला नसतो.

दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंमध्येही असेच कीटक आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही यादी एकनाथांनी १५७३ साली पुऱ्या केलेल्या भागवतातून मराठी घरांत पोचवली. त्यात कोळी आहे, पतंग आहे, मधमाशी आहे आणि शेवटी कुंभारीण माशीही आहे. कुंभारीण एक अळी आणून मातीच्या घरट्यात कोंडते आणि भीतीनं तिचंच ध्यान करता करता अळी कुंभारीण होते, हा दाखला कीर्तनकारांच्या आवडीचा. ध्यानाबद्दल तो जे सांगतो, ते सांगतोच. कीटकशास्त्र मात्र त्या घरट्यात निराळं काही पाहतं. कुंभारीण डंखानं लुळी केलेली अळी आपल्या पिल्लासाठी शिधा म्हणून ठेवते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती जिवंत अळी खाऊन मोठं होतं आणि पंख फुटल्यावर बाहेर पडतं. आपल्या पूर्वजांनी पाहिलं अचूक होतं, अळी आत गेली आणि माशी बाहेर आली. मधल्या काळात काय झालं, ते मातीआड राहिलं.

आणि इथं अहिंसेचा पेच नव्यानं अवघड होतो. जैविक नियंत्रण कुंभारिणीच्याच दूरच्या भाईबंदांवर चालतं. ट्रायकोग्रामा ही डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी दुसऱ्या पतंगांच्या अंड्यात आपली अंडी घालते. ती वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत तांदळावरच्या पतंगांची अंडी गोळा करतात, त्यांतून अळ्या निघू नयेत म्हणून अतिनील किरणांखाली मारतात आणि कार्डावर चिकटवून माशांपुढे ठेवतात. सुमारे वीस हजार अंड्यांचं ते ट्रायकोकार्ड कापून शेतकरी पानाच्या खालच्या बाजूला टाचतो. विष नाही, माणूस सुरक्षित, मधमाश्या सुरक्षित. पण आशाधरांना विचारलं तर? नांगराखाली गांडूळ नकळत मरतं. इथं मारेकरी मोजून, विकत आणून सोडले आहेत. हेतूच्या तराजूत ट्रायकोकार्ड नांगरापेक्षा जड भरेल.

हेतूची कसोटी इथं अपुरी पडते, असंच म्हणावं लागेल. ट्रायकोकार्ड लावणारा शेतकरी काय मरणार, किती मरणार आणि काय वाचणार, हे जाणून निर्णय घेतो. डोळे झाकून फवारणाऱ्याचं मन कदाचित जास्त निरागस असेल, पण त्याच्या शेतात कोळी उरत नाहीत. निरागसपणाला पुण्य मानणाऱ्या नीतीपेक्षा जाणतेपणाची जबाबदारी घेणारी नीती शेताला जास्त मानवते. अर्थात, जो कीटक मारणं मुळातच नाकारतो, त्याचं समाधान यानं होणार नाही, आणि ते व्हावं असा आग्रहही नाही.

नांगराचं काय? डार्विननं १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिलं आणि माणसानं नांगर शोधण्याच्या कितीतरी आधीपासून गांडुळं जमीन नांगरत आली आहेत, हे दाखवून दिलं. विनोबांनी पवनारला १९५०च्या सुमारास हातानं, केवळ कुदळ-फावड्यानं शेती करून पाहिली. शेतीचे त्यांनी तीन प्रकार मानले: ऋषि-खेती, ऋषभ-खेती आणि इंजिन-खेती. पहिल्यात माणसाचे हात, दुसऱ्यात बैल, तिसऱ्यात यंत्र. गेल्या काही दशकांत महाराष्ट्र दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आला, पलटी नांगर आणि रोटाव्हेटर घेऊन. त्याच काळात न नांगरता शेती करायचं शिकवणारे लोकही इथंच तयार झाले. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी विनानांगरणी शेतीचा धरलेला आग्रह शेतकरी वाचकांना परिचित आहे. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्र’ विकसित केलं. त्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. एकदा केलेल्या गादीवाफ्यांवर लोखंडी साच्यानं भोकं पाडून बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळं परत येतात, बायांचं कंबरडं मोडणारी लावणी टळते.

मात्र कापणीनंतरचं भाताचं धसकट आणि तण मारण्यासाठी या तंत्रात ग्लायफोसेटची फवारणी आहे. हे तेच तणनाशक, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि ज्याच्या वापरावर भारत सरकारनं २०२२ साली निर्बंध घातले. नांगराचं पाप टळलं, ते फवाऱ्याच्या तोंडातून परत आलं, असं कुणी म्हणू शकेल. ज्ञानेश्वरांनी अहिंसेच्याच प्रकरणात फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालणाऱ्याची खिल्ली उडवली आहे. ती इथं लागू पडते का? सर्वस्वी नाही. उघड्या मातीचा थर दर पावसाळ्यात वाहून जाणं हीसुद्धा हिंसाच आहे, आणि ती वर्षानुवर्षं साचत जाते. पण प्रशिक्षण देणाऱ्यानं हा सौदा शिकणाऱ्यापुढे उघड मांडायला हवा. काय वाचलं आणि कशाच्या बदल्यात, हे न सांगता शिकवलेलं तंत्र पुन्हा गाफीलपणाच वाढवतं.

उरतो तो सगळ्यात अवघड भाग. शिकायचं कुणी? शेतीशाळेचं निमंत्रण साधारणपणे सातबाऱ्याच्या वाटेनं जातं. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या एकूण वहितीधारकांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. निंदणी, लावणी, कापूस वेचणी, बी निवडणं, साठवणं ही कामं कुणाच्या हातची आहेत, हे सांगायला गणना लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावरान वाणांची बीजबँक त्यांनी उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली आणि कृषी विद्यापीठांची मंडळी त्यांच्या दारी जाऊ लागली. अशी उलटी वाट एखाद्याच ठिकाणी चालली आहे.

फवारणीत ही विसंगती आणखी उघडी पडते. कीटकनाशकं विकायचा परवाना हवा असेल, तर दुकानदाराला कृषी किंवा रसायनशास्त्राशी संबंधित शिक्षण लागतं. ते नसेल तर ठरावीक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. २०२३ साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटातल्या बाईला फवारणीचा ड्रोन चालवण्यासाठी १५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. ते योग्यच आहे. पण आजही बहुतेक रानात औषध मारतो तो पाठीवर पंप घेतलेला मजूर. त्याला कसलाही परवाना लागत नाही. रान त्याचं नाही, औषध त्यानं निवडलेलं नाही, डब्यावरची बारीक अक्षरं अनेकदा त्याला न येणाऱ्या भाषेत असतात. पुष्कळ ठिकाणी त्याची मजुरी मारलेल्या पंपांच्या संख्येवर ठरते, म्हणजे थांबून पान उलटवून पाहणं हा त्याच्यासाठी सरळ तोटा. पान उलटवायला शिकलेला मालक बांधावर उभा असतो आणि नळी या माणसाच्या हातात असते. त्याला शेतीशाळेत बसवायचं, तर हंगामातल्या पंधरा-वीस सकाळींची त्याची मजुरी कुणी द्यायची, इथून सुरुवात करावी लागेल.